चार नंबरचा आवाज

४ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीनंतर सव्वा वर्षाने पुन्हा सोल्डरिंगची कांडी हातात धरली. हात कापला नाही.

रक्तपेढीत कामाचा पहिला दिवस. चार गाड्या आहेत, मागे रक्ताच्या पिशव्यांसाठी थंड पेट्या. खोऱ्यात उतरलं की मोबाइल मुके होतात, म्हणून गाड्यांत वायरलेस घालायचं ठरलंय. सेट मी बसवायचे आणि मग वरच्या मजल्यावरच्या खोलीत तळ म्हणून मीच बसायचं. प्रमुख डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणणार. त्यांनी विचारलं, "जमेल ना, काका?" म्हटलं, "छत्तीस वर्षं वायरलेस खात्यात दुसरं काय केलं?"

तिथे प्रत्येक निरोपाची नोंदवही असेल. ही वही माझी.

६ फेब्रुवारी

एक नंबरची गाडी झाली. वीज थेट बॅटरीपासून घेतली. किल्लीमागच्या वायरीतून घेतली की इंजिनाची सगळी कुरकुर सेटमध्ये शिरते. दोन्ही वायरींना बॅटरीजवळच फ्यूज. सेट गिअरच्या पुढे, गुडघा लागणार नाही असा.

अँटेनासाठी छताच्या मधोमध भोक पाडावं लागतं. एक नंबरचे ड्रायव्हर, ज्यांना मिशीवाले म्हणतात, ड्रिल बघून पांढरे पडले. "काका, कडेला चिकटवा ना काहीतरी. नवीकोरी गाडी आहे." म्हटलं, कडेला लावला तर आवाज एकाच बाजूला जाईल. त्यांनी पाठ फिरवली आणि भोक पडेपर्यंत तसेच उभे राहिले. "लग्नात एवढं धडधडलं नव्हतं," म्हणाले.

९ फेब्रुवारी, शनिवार

चारही गाड्या झाल्या. टेकडीवरची वायरलेसची पेटीही चालू केली. ती एका गाडीचा आवाज उचलून सगळ्यांकडे फेकते, त्यामुळे एकजण बोलला की सगळे ऐकतात. ड्रायव्हरांना समोर बसवून शिकवलं. बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. माइक तोंडापासून चार बोटं. तळाने सांगितल्याशिवाय कोणी गाडी वळवायची नाही. निरोप पोचला की तळ म्हणणार, "समजलं."

चार नंबरला एक बाई आहे, तिशीची. अंगाने लहान, आवाज बारीक. सगळे तिला चिमणी म्हणतात आणि तिची काही हरकत दिसत नाही. प्रश्न तिनेच सगळ्यांत जास्त विचारले. "बटण दाबलंय आणि मध्येच तुम्ही बोललात तर?" "तर तुला माझं ऐकू येणार नाही. बोलणारा ऐकू शकत नाही." तिने ते लिहून घेतलं.

घरी आलो तर कुकर जळलेला. ही बाजारात गेली होती, तीन शिट्ट्यांनी बंद करा म्हणून सांगून. एकही झाली नाही म्हटलं. शिट्टी बदलायला हवी.

१२ फेब्रुवारी

एक, दोन, तीन स्वच्छ. चार नंबरचा आवाज येतो, पण शब्द सुटत नाहीत. भिजल्या कापडातून बोलल्यासारखं. माइक बदलला. तेच.

१४ फेब्रुवारी

चारचा सेट काढून दोनमध्ये घातला, दोनचा चारमध्ये. दोन स्वच्छ, चार तशीच. म्हणजे सेट चांगला. अँटेनाची केबल मोजली, चांगली. गाडी सुरू असताना, बंद असताना, दोन्ही पाहिलं. फरक नाही.

एकेक भाग बदलत जायचं आणि दोष कशाबरोबर सरकतो ते पाहायचं, ही माझी आयुष्यभराची रीत. या रीतीने दोष ड्रायव्हरमध्ये निघतो. तिला सांगितलं, शब्द खाऊ नकोस. ती म्हणाली, "काका, मी तर ओरडून बोलते." ओरडल्याने उलट फाटतं, हेही सांगितलं.

शेजारच्या खोलीत नोंदणीच्या बाई असतात. त्या म्हणाल्या, "मला तर इथून भिंतीपलीकडून तिचं कळतं." त्यांना या कामातलं काय कळतं!

१७ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. मुलीचा फोन. तीही हल्ली पुटपुटते. दोन मिनिटांत फोन हिच्याकडे दिला.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. क्रमाने लिहितो.

नदीपलीकडच्या हॉस्पिटलात एक बाळंतीण. रक्त थांबत नव्हतं, आणि गट असा की त्यांच्याकडे शिल्लक नाही. दहा चाळीसला चिमणी चार पिशव्या घेऊन निघाली. अकरा वीसला तिचा निरोप आला. लांबलचक होता. मी नोंदवहीत लिहिलं: "चार – पुलाजवळ. पोचते." तिला म्हटलं, "समजलं."

बाराला हॉस्पिटलचा फोन: रक्त कुठे आहे? चारला हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा पुन्हा मारल्या.

रक्त एक दहाला पोचलं, तेही एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून. पुलावर ट्रक आडवा झाला होता. चिमणी गाडी अलीकडे सोडून पेटी हातात घेऊन पायी पूल ओलांडून गेली आणि पलीकडे उभी राहिली. गाडी सोडल्यावर वायरलेसही सुटलं. तिचं म्हणणं, तिने मला सांगितलं होतं: एक नंबर पलीकडच्याच गावात आहे, त्याला पुलापाशी पाठवा, मी पेटी घेऊन चालत येते. म्हणे दोनदा सांगितलं, आणि मी "समजलं" म्हटलं. ती पाऊण तास रस्त्यावर उभी राहून एक नंबरची वाट बघत होती.

बाळंतीण वाचली. हॉस्पिटलच्याच दोघांचं रक्त जुळलं. पण गर्भाशय काढावं लागलं. तिचं पहिलंच मूल.

२० फेब्रुवारी

मॅडमच्या खोलीत चौकशी. नोंदवही टेबलावर. मॅडमनी विचारलं, "काका, तुम्ही काय ऐकलंत?" मी नोंद वाचून दाखवली. चिमणी माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही समजलं म्हणालात की नाही?" म्हटलं, "म्हणालो. तू पोचते म्हणालीस ते समजलं." ती काहीतरी बोलली ते मला कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आवाज चढवू नकोस."

तिच्या बोलण्याबद्दल आधीपासून तक्रार होती का, असंही विचारलं. होती. तसं सांगितलं. खरं तेच सांगितलं.

निकाल: परवानगीवाचून गाडी सोडली, निरोप नीट दिला नाही. गाडी काढून घेतली. आता तिने खाली पेट्या धुवायच्या.

इथे एक लिहून ठेवतो. "पोचते" हा शब्द मी ऐकला की धरून चाललो, ते आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बारीक आवाज चढउतार करत संपला, आणि तोंडून "समजलं" निघालं. छत्तीस वर्षांची जीभ आहे, आपोआप चालते. पण नोंदवहीत अंदाजाला रकाना नसतो.

२७ फेब्रुवारी

चार नंबरवर नवा ड्रायव्हर. धिप्पाड, आवाज ढोलासारखा. पहिल्याच निरोपाला शब्द न् शब्द स्वच्छ. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. मॅडमना कळवलं.

जिन्याखालून जाताना चिमणी दिसली. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. तिने वर पाहिलं नाही. दोन नंबरचा ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, "काय चिमणे, पोचलीस का?" बाकीचे हसले. हा आता रोजचा विनोद झालाय म्हणे.

२ मार्च, शनिवार

एक नंबरच्या बॅटरीची वायर ढिली होती. ती आवळताना मिशीवाले शेजारी घुटमळत राहिले. शेवटी म्हणाले, "काका, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"त्या दिवशी मी ऐकलं होतं. चिमणीचं. ट्रक आडवा झालाय, एक नंबरला पुलापाशी पाठवा. दोनदा म्हणाली. अगदी साफ."

मी पाना खाली ठेवला. "मग निघाला का नाहीत?"

"तुमचाच नियम ना, तळाने सांगितल्याशिवाय हलायचं नाही. तुम्ही समजलं म्हणालात. वाटलं, आता मला हाक येईल. दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. हाक आली नाही. वाटलं, काकांनी दुसरी काही सोय केली असेल. मग उतरलो चहाला."

"चौकशीत का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "खरं सांगायचं तर, विचारू नये म्हणूनच मागे उभा होतो. ऐकूनही हललो नाही, असं झालं असतं ना माझं."

वायर आवळून झाली. "साफ म्हणजे किती साफ?" मी विचारलं.

"तुम्ही आत्ता बोलताय तेवढं."

३ मार्च, रविवार

सकाळी माळ्यावरून टोन काढायचं जुनं यंत्र उतरवलं. स्पीकर जोडला, मीटर लावला. खालचा, पाचशे हर्ट्झचा सूर स्वच्छ. हजारावर स्वच्छ. पंधराशेला जरा दूर गेल्यासारखा. दोन हजारांवर कान लावून बसावं लागलं. अडीच हजारांवर काही नाही. मीटरचा काटा मात्र जागच्या जागी, जराही खाली नाही.

स्पीकर गेला असं समजून दुसरा लावला. तेच. तिसरा नव्हता, म्हणून हिला हाक मारली.

ही दारातूनच दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "अहो, बंद करा ते! कान किटले."

"तुला येतंय ऐकू?"

"अख्ख्या गल्लीला येत असेल."

यंत्र बंद केलं. ही समोर येऊन बसली. हल्ली ही नेहमी समोर येऊनच बोलते, हे माझ्या आज लक्षात आलं. म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाली, "दोन वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

आधी ती हसली. मग मी हसलो. 

माइक बदलला, सेट बदलला, केबल मोजली, शेवटी ड्रायव्हर बदलला. एक भाग मात्र पहिल्यापासून तोच ठेवला होता.

५ मार्च

गेलो, बसलो, चार गाड्यांशी बोललो. चौघेही पुरुष, चौघांचंही कळतं. म्हणजे काम चालू शकतं.

कोणाला सांगितलं नाही तर काय होईल, याचा विचार केला. काही होणार नाही. मिशीवाले बोलणार नाहीत, त्यांचंही त्यात अडकलंय. ही बोलणार नाही. चिमणी पेट्या धुतेच आहे. त्या बाळंतिणीचं जे व्हायचं ते झालं. मी सांगितल्याने त्यातलं काही उलटत नाही.

हा हिशेब बरोबर आहे. दोनदा तपासला.

६ मार्च

संध्याकाळी हिने विचारलं, "सांगितलंत?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच जाणूनबुजून. तिला ते लगेच कळलं. ती उठून आत गेली.

८ मार्च, शुक्रवार

आज सांगितलं.

नोंदवहीत खाडाखोड करायची नसते. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खरं लिहून सही करायची. १९ फेब्रुवारी, अकरा वीस. रेघ मारली. बाजूला लिहिलं: "निरोप आला. मला समजला नाही. तरी समजलं म्हटलं." सही करून वही मॅडमपुढे ठेवली.

त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या, दोन ओळींना लागतो त्याहून जास्त. मग नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, "नोकरीवर येताना कान तपासायचे असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही." म्हटलं, "माझ्या आलं पाहिजे होतं."

"रक्त वेळेत गेलं असतं तर..." मी विचारायला सुरुवात केली.

"कदाचित टळलं असतं. कदाचित नसतं. काका, याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही, कारण माझ्याकडे नाही."

चिमणीला गाडी परत. तळावर नवा माणूस मिळेपर्यंत नोंदणीच्या बाई माझ्याशेजारी बसतील. नंतर माझ्याकडे फक्त दुरुस्ती. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे. मिशीवाल्यांचं मी काही बोललो नाही. पण दुपारी ते स्वतःच मॅडमच्या खोलीत गेले आणि लाल होऊन बाहेर आले.

९ मार्च

खाली धुण्याच्या जागी गेलो. चिमणी पेटी उपडी करून पाणी झटकत होती. तिच्यासमोर उभा राहिलो, तोंड दिसेल असा. सांगितलं, चूक माझी होती, वहीत लिहिलंय, मॅडमना सांगितलंय.

"कळलं मला," ती म्हणाली. हातमोजे काढले नाहीत. "मॅडमनी बोलावून सांगितलं. गाडी मिळाली. बरं झालं."

 आणखी काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो.

मग तिने पेटी खाली ठेवली आणि सावकाश, मला कळेल असं बोलली. "काका, तुम्ही वहीत लिहिलंत. वही कोण वाचतं? मला अठरा दिवस रोज विचारत होते, पोचलीस का, पोचलीस का. माझा नवराही म्हणाला, असेल तुझंच काहीतरी, एवढा अनुभवी माणूस कसा चुकेल. त्या बाळंतिणीचं ऐकल्यावर मी घरी जाऊन भिंतीला डोकं टेकून बसले होते. मलाच वाटायला लागलं, मी बोललेच नसेन."

"मग काय करू?"

"जिथून समजलं म्हणालात ना, तिथूनच सांगा. सगळ्यांना."

खात्यात असताना मी कितीतरी माणसांच्या चुका वर कळवल्या. आपली अशी चारचौघांत कधी सांगितली नाही. तिला म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, "करा," आणि दुसरी पेटी उचलली.

११ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरने आलेख काढून दिला. डावीकडे, जाड आवाजांना, रेघ सपाट, मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. बारीक आवाज आधी जातात म्हणे. बायका, मुलं, पक्षी. कानाचं यंत्र मिळायला दहा दिवस. त्याने असंही सांगितलं की यंत्राने सगळं परत येत नाही.

१३ मार्च, बुधवार

चिमणीचा गाडीवरचा पहिला दिवस. साडेनऊला चौघेही आपापल्या रस्त्याला लागलेले. नोंदणीच्या बाई शेजारी पेन्सिल घेऊन बसलेल्या. मी कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. माइक उचलला.

बटण दाबलं. एक श्वास थांबलो. कागद वाचलाच नाही. म्हणालो, "सगळ्या गाड्यांना तळाकडून. एकोणीस फेब्रुवारीला चार नंबरने पूर्ण निरोप दिला होता. ट्रकचा, पुलाचा, एक नंबरला पाठवण्याचा. दोनदा दिला. तळाला तो ऐकू आला नाही. तळाचे कान अधू आहेत. तरी तळाने समजलं असं खोटं सांगितलं, आणि चौकशीत दोष चार नंबरवर ढकलला. चार नंबरची काही चूक नव्हती. एकेकाने पोच द्या."

बटण सोडलं. खोलीत नुसती खरखर.

"एक. पोचलं, काका," मिशीवाले.

"तीन. पोचलं."

 मग हळूच, "दोन. पोचलं." तो विनोद त्यानेच काढला होता.

मग चार. बारीक आवाज आला, वरखाली झाला, थांबला. नोंदणीच्या बाईंनी पेन्सिल टेकवली. मी त्यांना हाताने थांबवलं.

बटण दाबलं. "चार, तळाला कळलं नाही. पुन्हा सांग."

पुन्हा आवाज. या वेळी "पिशव्या" एवढा शब्द सापडला.

"चार, अजून कळलं नाही. पुन्हा सांग."

सगळ्या गाड्या ऐकत होत्या. नोंदणीच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, आपण इथे नाहीच असं दाखवत.

तिसऱ्यांदा ती आवाज खाली आणून, एकेक शब्द सुटा करून बोलली. ती बोलत असताना मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: "चार नंबर. निरोप पोचला. गाडीत दोन पिशव्या. वळणावरच्या दवाखान्यात पोचायला चाळीस मिनिटं. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली.

एवढा एक शब्द मला पहिल्याच वेळी ऐकू आला. नोंदवहीत वेळ घातली: नऊ बेचाळीस.